क्लोविसच्या फ्रिजमधलं औषध

ग्रँड आयल, मेन
९ नोव्हेंबर

रेनेल,

पाताट आजारी आहे. जिवंत आहे, आत्ता माझ्या पायाशी बसून कागदाच्या आवाजाकडे कान लावून आहे. पण मांजर तुझं, नाव तू ठेवलेलं, तेव्हा तुला कळवायला हवं.

तू माझे फोन घेत नाहीस. भेटायला येणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढलंस, तेही तुरुंगातल्या बाईने सांगितलं. पत्रं मात्र हातात देतात म्हणे, फोडायची की नाही ते तुझ्यावर. म्हणून लिहिते.

उन्हाळा सरल्यापासून तो पाणी पीत सुटला होता. वाडगा पुरेना. मग अंघोळीच्या टबात उतरून गळक्या नळाखाली जीभ काढून बसायला लागला. त्याचा वाळूचा डबा सकाळी साफ करावा, तर शाळेतून येईपर्यंत त्यात ओल्या सिमेंटसारखी ढेकळं. खाणं राक्षसासारखं आणि तरी पाठीचा कणा हाताला लागायला लागला. मी म्हटलं, म्हातारा झाला. पण मग मागचे पाय टाचांपर्यंत जमिनीला टेकवून चालायला लागला. सोफ्यावर उडी मारायची म्हणून खाली बसला, वर बघितलं, आणि उडी न मारताच निघून गेला. तेव्हा मी त्याला टोपलीत घातलं आणि कॅरिबूच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

तिथे एक नवी डॉक्टर आलीय, टिबेट्स नावाची. तरुण आहे, पायात शिकाऱ्याचे बूट घालते. तिने रक्त तपासलं आणि म्हणाली, मधुमेह. मी म्हटलं, मांजराला? तो काही केक खात नाही. ती हसली नाही. म्हणाली, होतो, जाड बोक्यांना तर फार होतो, आणि तुम्ही आणलंत ते बरं केलंत. कोरडं खाणं बंद, डब्यातलं ओलं खाणं सुरू. काही मांजरांचा आजार नुसत्या खाण्याने मागे हटतो, असंही म्हणाली. बघू.

बाकी औषध आहे. दिवसातून दोनदा, बारा-बारा तासांनी, सकाळी मी शाळेच्या स्वयंपाकघरात जायच्या आधी आणि संध्याकाळी नेमकं तेव्हाच. कसं द्यायचं ते तिने शिकवलंय. जमतंय मला.

त्यामुळे थँक्सगिव्हिंगला मी येऊ शकत नाही. तिकडे जाऊन एका दिवसात परत येणं होत नाही, आणि वेळ चुकवायची नाही असं टिबेट्सबाईने दोनदा बजावलंय. तू मला बोलावलं नव्हतंस, ते मला माहीत आहे. तरी मी येऊन बाहेर गाडीत बसले असते.

आणि त्या फोनबद्दल मी माफी मागेन अशी वाट बघत असशील, तर या पत्रात ती नाही. पुढच्याही पत्रात नसेल.

ममा


२ डिसेंबर

रेनेल,

नदी गोठली. पलीकडच्या कॅनडातल्या गाड्यांचा आवाज आता बर्फावरून सरळ आपल्या स्वयंपाकघरात येतो. तुला तो आवडायचा.

कनेटिकटला तुझ्या मावसभावाचं लग्न झालं. मी गेले नाही. ज्यानेतने फोनवर मला चांगलंच सुनावलं. म्हणाली, "नॉर्मांद, मांजरासाठी तू माझ्या मुलाचं लग्न बुडवलंस?" मी काय सांगणार. एखादी रात्र बाहेर राहायचं तर त्याला औषध देणारं कोणी हवं, आणि या रस्त्यावर आहे कोण? पूर्वी समोरच्या फर्नांदला हाक मारली असती.

तेव्हा माझं चाललंय ते असं. उठते, त्याला खायला घालते, खाल्लं की नाही ते उभी राहून बघते, मग औषध. शाळेत दिवसभर वाफेत उभी. परत येताना कोणी म्हणतं, थांब ना, कॉफी घेऊ, की मी घड्याळाकडे बघते. चर्चमधल्या गायनाची तालीम संध्याकाळी असते, ती सोडली. परवा शाळेबाहेर गाडी बर्फात रुतली, तर मी हातांनी बर्फ उकरत होते आणि रडत होते. गाडीसाठी नाही. घरात तो वाट बघत बसला असेल म्हणून. तुझे वडील गेल्यावर मला वाटायचं, आता मला कोणी अडवणारं नाही. बघ, पाच किलोचं जनावर पुरलं.

फर्नांदचा क्लोविस माझ्याशी बोलत नाही. चर्चमध्ये पूर्वी आमच्या मागच्या बाकावर बसायचा, आता पार पलीकडे, भिंतीला टेकून. पण बर्फ पडला की पहाटे ट्रॅक्टर आणून माझी वाट मोकळी करून जातो. खिडकीकडे मान वर करत नाही. मी कॉफीचा कप दाखवला तरी नाही.

मी त्याला दोष देत नाही. तू त्याच्या बायकोजवळ बसायचीस, कारण तुला आजाऱ्यांची कामं येत होती आणि त्याने विश्वासाने तुला बोलावलं होतं. कॅन्सर झालेली बाई वेदनेने तळमळत होती, आणि तिच्या दुखण्यावरच्या औषधाच्या बाटलीत तू पाणी भरून ठेवत होतीस. क्लोविसला वाटलं, दुखणं वाढतंय. तो बिचारा डॉक्टरला फोन करून औषध वाढवून मागायचा आणि तेही तू न्यायचीस. तिच्या नावाची बाटली तुझ्या गादीखाली मला सापडली, तेव्हा मी शेरीफला फोन केला. तुला विचारलं नाही, कारण तू काय सांगितलं असतंस ते मला पाठ होतं. आजही बाटली सापडली तर आजही करीन.

पाताटचं वजन वाढलेलं नाही. कमीही झालेलं नाही.

ममा


१४ जानेवारी

रेनेल,

तुझ्यापासून एक गोष्ट लपवली होती. आता लपवून पुढचं सांगता येत नाही, म्हणून सांगते. पाताटचं औषध म्हणजे गोळी नाही. इन्सुलिन आहे. इंजेक्शन.

घरात सुया आहेत. याच घरात, जिथून मी तुझ्या सुया वेचून काढल्या होत्या, बाथरूमच्या फरशीखालून, तुझ्या हिवाळी बुटांतून. टिबेट्सबाईने पहिल्यांदा माझ्या हातात सुई दिली तेव्हा मी ती टेबलावर परत ठेवली. तिला वाटलं, मी भित्री आहे. म्हणाली, सगळ्यांना सुरुवातीला भीती वाटते. मी तसंच वाटू दिलं.

मग सुया आणायला मॅडवास्काच्या औषधांच्या दुकानात गेले. काउंटरवर तुझ्या वर्गातली ती लिझेट. तिने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा चिठ्ठी वाचली. मागे चार माणसं उभी. मी इतक्या मोठ्याने "मांजरासाठी!" म्हटलं की खोकल्याचं औषध घ्यायला आलेले पाद्रीबाबाही वळून बघायला लागले. गाडीत येऊन मी बराच वेळ हसत होते. नंतर हसू राहिलं नाही.

तुला कळवलं नाही, कारण तू तिथे बसून घरातल्या कपाटाचा विचार करत राहिली असतीस. किंवा मीच इथे बसून तू विचार करतेयस असा विचार करत राहिले असते. काहीही म्हण.

आता परवाचं. त्याने सकाळी अर्धंच खाल्लं होतं. मी घाईत होते, शाळेत नव्वद पोरांचं सूप व्हायचं होतं. पूर्ण डोस टोचला आणि बूट घालायला गेले. परत येते तर तो पलंगाखालून बाहेर येताना डुलतोय, तुझे वडील नाताळच्या पार्टीहून यायचे तसा. मग एका कुशीवर पडला. डोळे उघडे, पण मी कुठेच नव्हते त्यांत. पाय ताठ होऊन झटके द्यायला लागले.

साखर उतरली की काय करायचं ते बाईने सांगून ठेवलं होतं. मी मेपलच्या पाकाची बाटली उघडली, बोट बुडवलं आणि त्याच्या हिरड्यांवर चोळलं. एकदा, दोनदा, कितीदा. जमिनीवर बसून, अंगात कोट, एका पायात बूट. त्याने मला चावलं नाही, ते बघूनच मला भीती वाटली. मग केव्हातरी जीभ हलली. मग त्याने बोट चाटलं. मग माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी मूर्खपणा करतेय.

त्या दिवशी शाळेत गेले नाही. तिथेच जमिनीवर बसून होते. आणि मला कोणाचा राग आला सांगू? तुझा आला. हे मांजर तू आणलंस, मी नाही. माझ्या अंगणात कुठून तरी उचलून आणलंस, म्हणालीस, ममा, आठवडाभरच. तू तिथे कोंडलेली आहेस, पण तुझा दिवस ठरलेला आहे, एक दिवस दार उघडेल. माझं कोण उघडणार? मेलं तर सुटेन असं मनात आलं, आणि तेच बोट मी त्याच्या तोंडात घालून बसले होते.

हे पत्र टाकू की नको असं होतंय. टाकते.

ममा


२१ फेब्रुवारी

रेनेल,

सुटल्यावर राहायला तू माझा पत्ता दिलास, हे मला तुझ्याकडून नाही, मिसेस प्लूर्दकडून कळलं. ती तुझी प्रोबेशन ऑफिसर. फोन आला तेव्हा मी बटाटे सोलत होते. पत्ता बरोबर आहे का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, बरोबर आहे, गेली पस्तीस वर्षं तोच आहे. मग फोन ठेवला आणि तुझ्या खोलीतल्या पलंगाची चादर बदलली. तू यायला अजून महिना-दोन महिने आहेत, तरी बदलली.

गेल्या आठवड्यात ती घर बघायला आली. चांगली बाई आहे, बूट दारात काढले, प्लोयेची धिरडी खाल्ली, दोन घेतली. कपाटं बघितली, तळघर बघितलं. मग फ्रिज उघडला.

मी सगळं दाखवलं. बाटलीवर पाताटचं नाव आहे, टिबेट्सबाईचे कागद आहेत. खुद्द पाताट येऊन तिच्या पायाला अंग घासून गेला. ती म्हणाली, "मला दिसतंय, मांजराचं आहे. मी तुमच्यावर संशय घेत नाही. पण ज्या घरात सुया आहेत, त्या घरावर मी सही करणार नाही. तिच्यासाठीच नाही करणार."

मी म्हटलं, पेटी आणते, कुलूप लावते, किल्ली गळ्यात घालते. तिने मला विचारलं, याआधी या घरातली किती कुलपं टिकली होती.  तुझ्या वडिलांच्या बंदुकीच्या कपाटाची कडी अजून वाकडी आहे.

जाताना म्हणाली, काहीतरी मार्ग काढा, मला कळवा.

तेव्हा असं आहे. तू यायचीस तर सुया जायला हव्यात. सुया गेल्या तर तो काही दिवसांचा सोबती. ओल्या खाण्याने आजार मागे हटेल म्हणाली होती टिबेट्सबाई, तसं काही झालं नाही. गेल्या तपासणीत साखर होती तिथेच.

गुरुवारी कॅरिबूला जाऊन आले. काम होतं. रस्ता मोकळा होता.

ममा


५ मार्च

रेनेल,

तुझं कार्ड आलं.

टपालपेटीतून काढलं आणि तिथेच रस्त्यावर वाचलं, वाऱ्यात. अक्षर बदललेलं नाही. "ममा, पाताटला मारू नकोस. मी बँगोरमध्ये घर बघते, तिथे माझ्यासारख्या बायका राहतात. रे." एवढंच. इतक्या पत्रांनंतर एवढंच, आणि मी ते इतकं वाचलंय की कोपरे मऊ पडलेत.

कॅरिबूला काय काम होतं ते तू ओळखलंस. ओळखणारच. खरं सांगते मग. मी वेळ घेतली होती. त्याला टोपलीत घालून नेलं, वाटेत त्याच्याशी बोलले नाही. टिबेट्सबाईने सगळं तयार ठेवलं होतं, एक जुना मऊ टॉवेलसुद्धा. तो टेबलावर टाचा टेकून बसला आणि तिच्या गळ्यातल्या नळीवर गाल घासायला लागला. तिने मला विचारलं, "तुमची खात्री आहे ना?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग आज नको. मला तिने समजावलं नाही, दुसरं काही सुचवलं नाही, नुसती टोपली उघडून धरली.

येताना वाटेत त्याची वेळ झाली. फ्रिजमधली बाटली मी सवयीने बरोबर घेतली होती. बघ, मारायला निघाले आणि औषध बरोबर. एका बटाट्याच्या गोदामापाशी गाडी थांबवली, त्याला डबा उघडून दिला, त्याने सीटवरच चाटून संपवला, आणि मी त्याला सुई दिली.

बँगोरचं मी मिसेस प्लूर्दला विचारलं. त्या घरांत उन्हाळ्यापर्यंत जागा नाही. तोवर तुला जिथे पाठवतील ती जागा मी ऐकून आहे. तिथून मुली परत येत नाहीत, किंवा येतात तर आधीपेक्षा वाईट होऊन येतात. तेव्हा ते नाही.

म्हणून मी क्लोविसकडे गेले.

रिकाम्या हाताने गेले. काही घेऊन गेले असते तर लाच वाटली असती. त्याने दार उघडलं आणि आत वळला, बस म्हणाला नाही. मी उभ्यानेच त्याला सांगितलं. औषध आणि सुया तुझ्या घरात ठेव, मी दिवसातून दोनदा मांजर घेऊन येईन, टोचून लगेच जाईन, बाकी काही नको.

तो टेबलाशी बसला. फर्नांदचा चष्मा अजून खिडकीत आहे. तिकडे बघत म्हणाला, "फर्नांदचं औषध याच फ्रिजमध्ये होतं."

"माहीत आहे मला."

"आणि तू म्हणतेस, पुन्हा ठेव. तीच परत येणार म्हणून."

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

त्याने कप उचलला. त्याचे हात आता फार थरथरतात, कप धरतो तो दोन्ही हातांनी. मग म्हणाला, "ती या घरात पाऊल टाकणार नाही."

"नाही टाकणार."

"मांजराचं चालेल. त्याने माझं काही नेलेलं नाही." आणि मी निघाले तेव्हा, "एक कोंबडीचं पिल्लू सोडलं तर."

मी वाटेत येईपर्यंत धीर धरला. मग कुंपणाला धरून उभी राहिले.

ममा


२८ मार्च

रेनेल,

मिसेस प्लूर्दने सही केली. क्लोविसच्या घरी जाऊन, त्याचा फ्रिज बघून, त्याच्याशी बोलून केली. काय बोलले ते दोघं, मला सांगत नाहीत.

सराव सुरू आहे. कपड्यांची टोपली तुझ्या लहानपणीच्या घसरगाडीवर बांधते, त्यात पाताट, अंगावर तुझ्या वडिलांचा शर्ट, आणि रस्ता ओलांडून ओढत नेते. पहिल्या दिवशी त्याने सगळ्या गल्लीला शिव्या दिल्या. आता राजासारखा बसतो. पोस्टमन थांबून टोपी काढतो.

क्लोविस त्याला धरतो. एवढा मोठा माणूस, जन्मभर डुकरं कापली, आणि सुई बघवत नाही त्याला. मी टोचायला घेतलं की छताकडे बघतो आणि शिट्टी वाजवतो. झालं की विचारतो, "मेला का?" मी म्हणते, नाही. मग चहा टाकतो. पहिल्या आठवड्यात मी उभ्याने प्यायचे. आता बसते. तुझा विषय तो काढत नाही, मीही नाही.

आता हे तुला आधीच सांगून ठेवते. मी त्याच्याकडे जाईन तेव्हा तू घरात एकटी असशील, रोज दोनदा. मी काही कुलूपबंद करणार नाही. परत आल्यावर चमचे मोजणार नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. सुरुवातीला मोजीन. तुला दिसेल मी मोजताना, आणि तुला राग येईल, आणि तरी मी मोजीन. तुझ्या-माझ्यात आत्ता तेवढंच शक्य आहे.

आणि क्लोविसच्या दारात जाऊ नकोस. मी शब्द दिलाय.

तू यायच्या दिवशी मी तिथवर न्यायला येऊ शकत नाही, कारण तुला माहीत आहे. मिसेस प्लूर्द बसची सोय करतेय. मी मॅडवास्काच्या थांब्यावर असेन.

ममा


२१ एप्रिल, घरातच

रेनेल,

डाव्या हाताने लिहितेय, अक्षर लावून घे. तू वर आहेस, मी खाली. सोमवारपासून आपण दूध संपलं, टॉवेल कुठे, पाणी गरम आहे का, एवढंच बोललो. मला तोंडाने बोलता येत नाही, असं दिसतंय. लिहायची सवय झालीय.

आज सकाळी काय झालं ते तुला माहीत आहे, तू तिथे होतीस. पण मी काय बघितलं ते तुला माहीत नाही.

मी क्लोविसच्या पायरीवरून घसरले. वर पाणी, खाली बर्फ, हातात टोपली. टोपली सोडली नाही, म्हणून मनगट गेलं. क्लोविसने मला आत ओढलं, खुर्चीत बसवलं आणि सुई हातात घेतली. त्याच्या हातांत! सगळं औषध पाताटच्या केसांवर उडालं. मी म्हटलं, राहू दे, एक वेळ चुकली तर मरत नाही. तो म्हणाला, "आणि संध्याकाळी? आणि उद्या?"  मग तो फोनकडे गेला. कोणाला करतोय ते मला कळलं नाही. त्याला आपला नंबर अजून पाठ आहे.

तू घरातल्या चपलांवर चिखलातून धावत आलीस आणि दारात थांबलीस. उंबऱ्याच्या बाहेर. तो तुझ्याकडे बघत होता.  तो म्हणाला, "आत ये, दार लाव. मांजर पळेल."

तू आधी माझा हात बघितलास. मग काय हवंय ते विचारलंस, आणि मी सांगितल्यावर तुझा चेहरा असा पांढरा पडला की मला वाटलं, तू जाशील. मी म्हणणार होते, जा. पण तू हात धुतलेस, खूप वेळ धुतलेस. नवी सुई काढलीस. ती बाटलीत घालताना तुझे हात अजिबात हलले नाहीत, आणि ते हलत नाहीत हे बघून मी मान वळवली. तेव्हा तू म्हणालीस, "ममा, तोंड फिरवू नकोस. तुम्हीही बघा. दोघंही बघा माझ्याकडे."

मी बघितलं. तो छताकडे बघणारा माणूस, त्याने बघितलं. पाताटची कातडी तू दोन बोटांनी उचललीस, टोचलंस, सुई काढलीस. त्याला कळलंही नाही, तो खात होता. रिकामी सुई तू डब्यात टाकली नाहीस. क्लोविसच्या हातात दिलीस. त्याने ती डब्यात टाकली आणि झाकण घट्ट फिरवलं, फिरवतच राहिला.

तू त्याला म्हणालीस, "फर्नांद रडायच्या, ते मला ऐकू यायचं."

तो म्हणाला, "मलाही यायचं."

रेनेल, तो पुढे काहीतरी चांगलं म्हणेल असं मला वाटलं. म्हणाला नाही. माफ केलं नाही त्याने, आणि करेल असं मला वाटत नाही, आणि तुलाही वाटू नये. तू बाहेर जाऊन कुंपणापाशी ओकलीस. तो खिडकीतून बघत होता. मग मला म्हणाला, "संध्याकाळी उशीर करू नका. त्याला वेळेवर लागतं." करू नकोस म्हणाला नाही. करू नका म्हणाला.

दवाखान्यात डॉक्टर दुखण्याच्या गोळ्या लिहून द्यायला लागला, तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतीस. मी नको म्हटलं. आता मनगट असं ठणकतंय की दातांत जाणवतंय.

दुपारी तू मिसेस प्लूर्दला स्वतः फोन करून सुई हातात घेतल्याचं सांगितलंस. मी जिन्याखाली उभी राहून ऐकलं. ऐकणं चुकीचं होतं, पण उभी राहिले. सोमवारी ती क्लोविसकडे येऊन बघणार आहे, तेवढं कळलं. तिने हे थांबवलं तर काय करायचं, मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाला, हात महिनाभर तरी प्लास्टरमध्ये. ते मांजर, मी, तू आणि रस्त्यापलीकडचा तो म्हातारा, आपण सगळे त्या घड्याळाला बांधलेले आहोत. मला यातून बाहेर पडायची वाट दिसत नाही. आज पहिल्यांदाच मी ती शोधली नाही.

वेळ होत आलीय. पाताट दाराशी जाऊन बसलाय. टोपली मला एका हाताने ओढता येईल, पुढचं येणार नाही.

हे दाराखालून सरकवते. येतेस का, ते सांग. लिहू नकोस. खाली ये आणि सांग.

ममा